भोसले वाडा, नागपूर

नागपूर प्रांतावर राज्य करणाऱ्या भोसल्यांचा नागपुरातील महाल भागातला वंशपरंपरागत वाडा. मूळ वाडा काळ्या बेसाल्ट दगडाचा, विपुल लाकडी कोरीवकामाने नटलेला होता. भोसल्यांचे राजे तिसरे रघुजी 1853मध्ये औरस वारसाविना वारले. गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसीने दत्तक वारस नाकारून 1854मध्ये राज्य खालसा केले. घराण्याचे दागिने, हत्ती-घोडे लिलावात विकले गेले. हा उघड अन्यायच होता. पुढे दत्तकपुत्र जानोजींना इंग्रजांनी ‘राजेबहादूर ऑफ देऊर’ हा किताब दिला. 1864च्या आगीत वाडा जळाला. वाचला तो नगारखान्याचा भव्य दरवाजा. घराण्याच्या थोरल्या शाखेचे वास्तव्य महाल भागातच राहिले. पितृपक्षातला हडपक्या गणपती ही या घराण्याची परंपरा आजही चालू आहे.