देवळातील जुने दिवे

जीर्णोद्धार म्हटला की चिरे, कळस व फरशी यांचा हिशोब पै-पैने होतो. कोठीतील काळवंडलेल्या समया व लामणदिवे मात्र बहुधा मोडीच्या भावाने विकले जातात.

नाशिककरांना नारोशंकराची घंटा ठाऊक आहेच. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, त्यानंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा महाराष्ट्रातील अनेक देवळांत आल्या. गोदाकाठची ही घंटा त्यांपैकीच मानली जाते. परकी असूनही ती देवळात टांगली गेली, म्हणून टिकली. आपल्याच तांबटांनी घडविलेल्या दिव्यांना ते भाग्य क्वचितच लाभले.

त्याचे कारण तेलात आहे. तिळाचे, करडईचे वा करंजाचे तेल दाट. ते वातीतून फार वर चढत नाही. म्हणून समईची वाटी उथळ व वात तेलात निजलेली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रॉकेल आले. ते पातळ, वातीतून सरसर वर चढणारे; त्यास टाकी खाली, ज्योत वर व भोवती काच असा कंदील सोयीचा. मागाहून वीज आली. ठाणवया, दिवट्या माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून मोडीत.

अशा वस्तू वेचणारा एक माणूस पुण्यात निघाला. कै. दिनकर गंगाधर केळकर यांचा व्यवसाय चष्म्यांचा. 'अज्ञातवासी' या नावाने ते कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनी संग्रह सुरू केला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी दिवे, अडकित्ते, दौती, भांडी जमविली. लोक हसले असतील; अडगळ विकत घेणाऱ्याला कोण शहाणे म्हणते? पत्नी कमलाबाईंची साथ होती. बालवयात गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने त्यांनी संग्रहालय उभे केले व पुढे ते शासनाच्या स्वाधीन केले. केळकर १९९० साली वारले. वीस हजारांवर वस्तूंच्या या संग्रहात दिव्यांचे दालन अवश्य पाहावे.

परंतु संग्रहालयातील दिवा पेटत नाही. देवळातील समई रोज तेवते, हे तिचे अधिक मोल. म्हणून विश्वस्तांनी कचेरीतल्या जडवस्तू नोंदवहीसारखी एक वही घालावी: वस्तू, उंची, वजन, दात्याचे कोरलेले नाव व छायाचित्र. घासताना ते नाव झिजू देऊ नये. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांवरील अशी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते व ती खाजगी रीतीने परदेशी नेता येत नाही. मोडवाला दारात येण्यापूर्वी ही वही लिहून व्हावी.