बरे झालेल्या मुलांची नोंद

इतिहासकार मृतांची मोजदाद करतो. बरे होऊन घरी गेलेल्यांकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. वैद्यकाच्या इतिहासात मात्र हे दुर्लक्ष फार महाग पडते, असे आम्हांस वाटते.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर या शल्यविशारदाने १८७४ साली एका अकरा वर्षांच्या मुलीची गलगंडाने सुजलेली थायरॉईड ग्रंथी समूळ काढली. जखम भरली, मुलगी घरी गेली. पुढे तिची वाढ खुंटली, बुद्धी मंदावली. नंतर कोखरने आपले जुने रोगी परत बोलावून तपासले आणि जे आढळले ते १८८३ मध्ये स्वतःच जाहीर केले : संपूर्ण ग्रंथी गमावलेल्यांपैकी बहुतेकांची हीच गत झाली होती. १८९१ मध्ये इंग्लंडात जॉर्ज मरे याने मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून ग्रंथी निकामी झालेल्या एका स्त्रीला सावरले. ग्रंथीवाचून जगण्याचा मार्ग तेव्हा कुठे खुला झाला.

पुढील शतकात या ग्रंथीवर निराळेच संकट आले. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी आयोडीन-१३१ कुरणांवर पडले. गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या गळ्यात गेले. बेलारूस, युक्रेन व रशियाचे बाधित प्रदेश मिळून, अपघातसमयी १८ वर्षांखालील असलेल्यांत २००५ पर्यंत थायरॉईड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रोगी आढळले; त्यांत मोठा वाटा या आयोडीनाचा होता. मृत्यू मात्र १५ नोंदले गेले.

हा वैद्यकाचा विजय खराच. पण त्याची किंमत कोणी मोजली? शस्त्राने ग्रंथी गेली, गळ्यावर आडवा व्रण राहिला. मागच्या इवल्याशा पॅराथायरॉईड ग्रंथी दुखावल्या, तर रक्तातील कॅल्शियम उतरते व हातापायांत पेटके येतात. स्वरयंत्राची नस दुखावली, तर आवाज बसतो. उरलेला रोग जाळण्यास द्यावे लागले तेही आयोडीन-१३१च! ज्याने घाव घातला, त्याच्याच हाती औषधाची वाटी. त्याच्या मोठ्या मात्रांनी लाळ आटते. फुप्फुसांत रोग पसरलेल्या काही मुलांची फुप्फुसे पुढे ताठरतात. दुसऱ्या कर्करोगाचा धोकाही थोडा वाढतो. रोजची संप्रेरकाची गोळी तर जन्माचीच सोबतीण : कमी पडली तर शरीर मंदावते, अधिक झाली तर हृदयावर व हाडांवर ताण येतो.

याच अनुभवाने पुढे हात आखडता घ्यायला शिकविले. २०१५ साली अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रथम काढली. किरणोत्सारी आयोडीन सरसकट न देता निवडून द्यावे, शस्त्रक्रिया सरावलेल्या हातांनीच व्हावी आणि देखरेख दीर्घकाळ चालावी, असा त्यांचा रोख आहे.

ज्या सोव्हिएत राज्यात ती भट्टी फुटली, ते राज्य १९९१ मध्येच लयाला गेले. त्या मुलांची गोळी संपलेली नाही. आज ती मध्यमवयीन झाली आहेत. त्यांना दर वर्षी परत बोलावणारा कोणी असला पाहिजे. कोखरने ठेवलेला खरा वारसा शस्त्राचा नव्हे, या परत बोलावण्याचा आहे.