नव्वद टक्क्यांचा होकार

१ नोव्हेंबर १९५४ या एकाच तारखेला फ्रान्सच्या साम्राज्यात दोन गोष्टी घडल्या. पहिली आपल्याकडची. पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम या फ्रेंच वसाहतींचा कारभार त्या दिवशी भारताच्या हाती आला. दुसरी गोष्ट भूमध्य समुद्राच्या पलीकडची. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत अल्जीरियात ठिकठिकाणी बाँब फुटले, पोलीस ठाण्यांवर आणि लष्करी बराकींवर हल्ले झाले, आणि 'राष्ट्रीय मुक्ती आघाडी' या तोवर फारशा कुणी न ऐकलेल्या संघटनेने स्वातंत्र्ययुद्ध पुकारले. पॅरिसला पंतप्रधान मात्र एकच होते, पियेर मांदेस-फ्रान्स. एका हाताने त्यांनी पाँडिचेरी सोडली आणि दुसऱ्या हाताने अल्जीरियात जादा फौज धाडली.

मी शाळेत इतिहास शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांमुळे मला एक खोड लागली आहे. अशी जोडतारीख दिसली, की तिच्या मागे मागे जावेसे वाटते. खरे सांगायचे तर या प्रकरणाची माझी पहिली ओळख इतिहासाच्या पुस्तकातून झालेली नाही. फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' ही १९७१ सालची कादंबरी अनेकांनी वाचली असेल. जनरल द गॉल यांच्या खुनासाठी भाड्याने आणलेल्या मारेकऱ्याची ती कथा. मीही त्याच दाराने आत शिरलो, आणि पुढे कितीतरी वर्षे वर्गात द गॉलची गोष्ट एका थोर पुरुषाची गोष्ट म्हणूनच सांगत आलो. युद्ध मिटवणारा, दहशतीला न डगमगणारा, आणि प्रत्येक पावलावर जनतेचा कौल घेणारा पुरुष. फळ्यावर कौलाचे आकडे लिहायचे, शेवटचा नव्वद टक्क्यांचा आकडा अधोरेखित करायचा, की तास संपला.

मागे एकदा नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, मग अल्जीरियातल्या लोकांनी काय मत दिलं?" मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुस्तके उलटीपालटी केली तेव्हा उत्तर सापडले, आणि त्या उत्तराने माझी जुनी गोष्ट पार विसकटून टाकली. ती विसकटलेली गोष्टच आज सांगतो.

पाँडिचेरी सोडणे फ्रान्सला जड गेले नाही, कारण तिथे ते व्यापारी म्हणून आलेले पाहुणे होते. अल्जीरियाचे तसे नव्हते. १८३० साली तो मुलूख घेतल्यावर फ्रान्सने त्याला वसाहत न म्हणता आपले जिल्हेच करून टाकले. आपल्याला जसे ठाणे-नाशिक, तसे त्यांना अल्जीअर्स आणि ओरान. दहा लाखांच्या आसपास युरोपीय तिथे राहत होते, कित्येकांच्या तीन-तीन पिढ्या त्याच मातीत गेल्या होत्या. त्यांच्याभोवती ऐंशी-नव्वद लाख मुसलमान. १९४७ च्या कायद्याने अल्जीरियाला जी विधानसभा मिळाली, तीत दहा लाखांना साठ जागा आणि ऐंशी लाखांनाही साठच! हे गणित पाचवीतल्या मुलालाही खटकेल. पॅरिसला खटकले नाही. 'अल्जीरिया म्हणजेच फ्रान्स,' असे त्या वेळचे गृहमंत्री फ्रांस्वा मितराँ यांनी ठणकावून सांगितले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मितराँ ते हेच.

आपल्याच घरात युद्ध कसे होईल? म्हणून त्याला युद्ध म्हणायचेच नाही असे ठरले. सरकारी कागदांत ती 'सुव्यवस्था राखण्याची कारवाई' होती, लोकांच्या बोलण्यात 'तिकडच्या घटना'. १९५६ साली गी मोले हे समाजवादी नेते शांततेचे आश्वासन देऊन पंतप्रधान झाले. ६ फेब्रुवारीला ते अल्जीअर्सला गेले, तिथल्या युरोपीय जमावाने त्यांच्यावर टोमॅटो फेकले, आणि गृहस्थ शांतता विसरून फौज वाढवू लागले. टोमॅटोने एखाद्या देशाचे धोरण बदलल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही. सक्तीची लष्करी नोकरी सत्तावीस महिन्यांपर्यंत लांबली. खेड्यापाड्यांतली वीस वर्षांची पोरे तिकडे जाऊ लागली, आणि फ्रेंच आयांच्या तोंडी अल्जीरियाचे नाव प्रथमच रोजचे झाले.

दहशत दोन्ही बाजूंनी होती. १९५६ च्या ऑगस्टात युरोपीय अतिरेक्यांनी अल्जीअर्सच्या जुन्या कसबा वस्तीत बाँब लावला. झोपेतली माणसे घरांखाली गाडली गेली. सप्टेंबरअखेर मुक्ती आघाडीच्या तरुण मुलींनी पर्समधून बाँब नेऊन गजबजलेल्या उपाहारगृहांत ठेवले. आइस्क्रीम खायला आलेली पोरेबाळे जायबंदी झाली. पुढल्या वर्षी जनरल मासू यांच्या छत्रीधारी पलटणींनी शहर ताब्यात घेतले आणि बाँब थांबवले. कसे थांबवले? विजेचे चटके देऊन आणि पाण्यात डोकी बुडवून. याला जाहीर नकार देणारा एक सेनापती निघाला, जनरल द बोलार्दियेर. त्यांना साठ दिवसांची किल्ल्यातली कैद मिळाली.

या चिखलातून देशाला बाहेर काढायला १९५८ मध्ये द गॉल आले. वय सदुसष्ट. बारा वर्षे ते सत्तेबाहेर होते. १३ मे रोजी अल्जीअर्समधल्या युरोपियांनी आणि लष्कराने बंड करून पॅरिसचे सरकार हादरवले, आणि त्यातून १ जूनला द गॉल पंतप्रधान झाले. म्हणजे अल्जीरिया फ्रान्सकडेच राहावा म्हणून उठलेल्या लोकांच्या खांद्यावरून ते सत्तेवर आले. चौथ्या दिवशी ते अल्जीअर्सला गेले, सज्जातून त्या अफाट गर्दीपुढे हात उंचावले आणि म्हणाले, "तुमचे मला कळले आहे!" गर्दीला आनंदाचे भरते आले. प्रत्येकाला वाटले, आपल्याच मनातले हा माणूस बोलला. कळले म्हणाला, पटले म्हणाला नाही, हा फरक त्या उन्हात कोण लक्षात घेणार? याला फसवणूक म्हणायचे की मुत्सद्देगिरी, यावर मी स्वतःशीच पुष्कळ वाद घातला आहे. कादंबरीकार म्हणून ते वाक्य मला मोहवते. पण त्या गर्दीत मी उभा असतो, तर त्या माणसाला जन्मात क्षमा केली नसती.

त्याच सप्टेंबरात नव्या राज्यघटनेला सुमारे ऐंशी टक्के लोकांनी कौल दिला. पुढल्या वर्षी, १६ सप्टेंबर १९५९ ला, द गॉल यांनी 'स्वयंनिर्णय' हा शब्द उच्चारला आणि अल्जीअर्सच्या युरोपियांचे डोळे उघडले. १९६० च्या जानेवारीत त्यांनी रस्त्यांत अडथळे रचून बंड केले; द गॉल जुना लष्करी गणवेश चढवून दूरचित्रवाणीवर आले आणि बंड विरघळले. ८ जानेवारी १९६१ चा कौल स्वयंनिर्णयावरच होता. फ्रान्समध्ये पंचाहत्तर टक्के होकार.

मग आली एप्रिलची ती रात्र. शाल, सालां, झुओ आणि झेलेर या चार सेनापतींनी अल्जीअर्स ताब्यात घेतले. आता छत्रीधारी सैनिक पॅरिसवर उतरणार अशी भीती पसरली. २३ तारखेला द गॉल पुन्हा गणवेशात पडद्यावर आले, या 'निवृत्त सेनापतींच्या चौकडी'चा त्यांनी तिरस्काराने उल्लेख केला, आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "फ्रेंच स्त्रीपुरुषहो, मला मदत करा!" हे भाषण अल्जीरियातल्या छावण्याछावण्यांत सक्तीच्या भरतीतल्या पोरांनी खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ऐकले. सेनापती हुकूम देत होते आणि शिपाई हलत नव्हते. दुसऱ्या दिवशी फ्रान्समध्ये लाखो कामगारांनी तासभर काम बंद ठेवले. चार दिवसांत बंड आटोपले. या माणसाची खरी फौज कोणती हे त्या रात्री दिसून आले. ती होती त्या पोरांची आणि त्यांच्या आईबापांची. त्यांना अल्जीरियाचे काय व्हायचे ते होवो. मुलगा घरी यायला हवा होता.

बंड फसले ते भूमिगत झाले. 'गुप्त सैन्य संघटना' या नावाने, ओ. ए. एस. या आद्याक्षरांनी, फ्रेंचांची फ्रेंचांवर दहशत सुरू झाली. अल्जीअर्समध्ये रोज खून, पॅरिसमध्ये रात्री-अपरात्री दारात बाँब. ७ फेब्रुवारी १९६२ ला सांस्कृतिक मंत्री आंद्रे मालरो यांच्यासाठी ठेवलेला बाँब त्याच इमारतीत राहणाऱ्या एका चार वर्षांच्या मुलीच्या तोंडावर फुटला. तिचा एक डोळा गेला. तो रक्ताळलेला चेहरा वर्तमानपत्रांनी छापला, आणि जे काम शंभर अग्रलेखांनी झाले नसते ते त्या एका छायाचित्राने केले. दुसऱ्या दिवशी ओ. ए. एस.विरुद्ध पॅरिसमध्ये मोर्चा निघाला. मोर्चाला बंदी होती. पोलिसांनी शारोन स्थानकाच्या जिन्यात लोकांना चेपले. नऊ माणसे मेली. त्यांच्या अंत्ययात्रेला लाखोंचा जनसमुदाय लोटला.

इथे मला जरा थांबावे लागते. कारण त्याआधी चारच महिने, १७ ऑक्टोबर १९६१ ला, त्याच शहरात, त्याच पोलीसप्रमुखाच्या, मोरीस पापाँच्या, अमलाखाली आणखी एक मोर्चा निघाला होता. मुक्ती आघाडीने काही महिन्यांत बरेच पोलीस मारले होते, म्हणून पॅरिसमधल्या अल्जीरियनांवर रात्रीची संचारबंदी आली होती. तिच्याविरुद्ध हजारो कामगार ठेवणीतले कपडे घालून, बायकामुलांसह, निःशस्त्र निघाले. पोलिसांनी त्यांना झोडपले, गोळ्या घातल्या, काहींना सेन नदीत फेकले. अकरा हजारांहून अधिक लोक पकडले गेले. सरकारने दोन-तीन मृत्यू कबूल केले. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या वर जातात. या लोकांची अंत्ययात्रा निघाली नाही. राष्ट्राध्यक्ष जाहीरपणे एक अक्षर बोलले नाहीत आणि जनतेनेही त्यांना जाब विचारला नाही. पापाँ १९६७ पर्यंत त्याच खुर्चीवर होता.

१८ मार्च १९६२ ला एव्हियां येथे मुक्ती आघाडीशी करार झाला, दुसऱ्या दिवशी युद्धबंदी. ८ एप्रिलला त्यावर कौल घेतला गेला, आणि मतदान करणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी 'होय' म्हटले. माझ्या फळ्यावरचा तो अधोरेखित आकडा हाच. आणि त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर असे, की अल्जीरियात त्या दिवशी मतपेटी ठेवलीच नव्हती. १९६१ च्या कौलात अल्जीरिया सामील होता. या वेळी वगळला गेला. तिथल्या दहा लाख युरोपियांना, ज्यांचे घरदार या करारावर टांगलेले होते त्यांना, कुणी विचारले नाही. अल्जीरियाचा वेगळा कौल १ जुलैला झाला. तिथे स्वातंत्र्याला जवळजवळ एकमुखी होकार मिळाला, पण तोवर युरोपियांपैकी पुष्कळजण बोटीत बसले होते.

'पेटी नाहीतर शवपेटी' अशी तिकडे म्हणच झाली होती. जाताना ओ. ए. एस.ने जूनमध्ये अल्जीअर्स विद्यापीठाचे ग्रंथालय पेटवले. ५ जुलैला, स्वातंत्र्याच्या दिवशी, ओरानमध्ये युरोपियांची कत्तल झाली आणि फ्रेंच पलटणी कितीतरी तास बराकींतून हलल्या नाहीत. त्या एका वर्षात सात-आठ लाख माणसे समुद्र ओलांडून फ्रान्सला आली. त्यांतल्या कित्येकांनी तो देश पूर्वी कधी पाहिलाही नव्हता.

त्यांना निदान बोट मिळाली. फ्रेंच फौजेच्या बाजूने लढलेले अल्जीरियन मुसलमान, ज्यांना हार्की म्हणत, त्यांची शस्त्रे काढून घेऊन त्यांना मागेच ठेवले गेले. आपल्या हिमतीवर त्यांना फ्रान्सला आणू पाहणाऱ्या अधिकाऱ्यांना तसे न करण्याचे हुकूम पॅरिसहून सुटले. हजारो हार्की सूडाला बळी पडले. जे कसेबसे पोचले त्यांना रिव्हसाल्तसारख्या छावण्यांत काटेरी तारांमागे तंबूंत ठेवण्यात आले. नव्वद टक्क्यांत या माणसांचा हिशेब कुठे धरायचा? मी द गॉलना दोष देतो, पण सगळा देऊ शकत नाही. आठ वर्षांच्या रक्तपातानंतर ज्या घरात मुलगा परत आला, त्या घराने मागे कोण राहिले हे विचारले नाही, एवढे मला कळते.

पाँडिचेरीचेही याच्यात थोडे आहे. कारभार १९५४ ला आला, पण कायद्याने हस्तांतर व्हायला फ्रेंच संसदेची मान्यता हवी होती, आणि अल्जीरिया पेटलेला असेपर्यंत ती काही मिळाली नाही. अल्जीरिया सुटल्यावर मिळाली. १६ ऑगस्ट १९६२ ला ते काम पुरे झाले. त्यानंतर सहाच दिवसांनी, २२ ऑगस्टच्या संध्याकाळी, पॅरिसजवळच्या पती क्लामारच्या रस्त्यावर द गॉल यांच्या सितरोएन गाडीवर शंभराहून जास्त गोळ्या सुटल्या. टायर फुटले, मागची काच उडाली. जनरल आणि त्यांच्या पत्नी केस न वाकता बचावल्या. बाई खाली उतरल्या आणि त्यांनी पहिली चौकशी कोंबड्यांची केली म्हणतात. दुसऱ्या दिवशीच्या जेवणासाठी गाडीच्या मागच्या कप्प्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. गंमत अशी, की फ्रेंच बोलीत पोलिसालाही कोंबडीच म्हणतात. सोबतच्या शिपायांना वाटले, बाई आपलीच विचारपूस करताहेत! कटाचा सूत्रधार बास्तियां-तिरी हा वायुदलाचा अधिकारी होता. मार्च १९६३ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. बंडखोर सेनापतींपैकी मात्र एकालाही मृत्यूदंड भोगावा लागला नाही. १९६८ पर्यंत सगळे तुरुंगातून सुटले.

त्या हल्ल्यानंतर द गॉलनी पुन्हा कौल मागितला. राष्ट्राध्यक्ष थेट जनतेने निवडावा म्हणून. होकार मिळाला, पण बासष्ट टक्के. पुढल्या मार्चमध्ये खाणकामगारांचा संप झाला तेव्हा लोकमताच्या चाचण्यांत त्यांच्यावर खूश असणारे निम्म्याहूनही कमी भरले. युद्ध मिटले होते, आता लोकांना पगार दिसत होता. १९६५ च्या निवडणुकीत पहिल्या फेरीत त्यांना निम्मी मते मिळाली नाहीत आणि दुसऱ्या फेरीत त्याच मितराँशी झुंजावे लागले. २७ एप्रिल १९६९ ला प्रांतांच्या कारभाराच्या एका रूक्ष प्रश्नावर लोकांनी 'नाही' म्हटले, आणि दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याने कोलोंबेहूनच पद सोडले. दीड वर्षाने तिथेच वारला.

'तिकडच्या घटनां'ना युद्ध म्हणण्याचा कायदा फ्रान्सने १९९९ च्या ऑक्टोबरात केला. १७ ऑक्टोबरच्या हत्याकांडाची कबुली राष्ट्राध्यक्ष ओलांद यांनी २०१२ मध्ये दिली. हार्कींची क्षमा मागायला राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांना २०२१ चा सप्टेंबर उजाडावा लागला. त्या समारंभाला बोलावलेल्यांत छावण्यांत वाढलेली मुले होती, आता आजीआजोबा झालेली. कौलाला तेव्हा एकोणसाठ वर्षे होऊन गेली होती.