मलाक्का : नदीच्या दोन काठांवर

मलेशियातील मलाक्का शहरात एका दिवसात पाहण्याजोगे जे आहे ते बहुतेक एका लहानशा नदीच्या दोन काठांवर सामावले आहे. पूर्वेला राज्यकर्त्यांचे दगड, पश्चिमेला व्यापाऱ्यांची जुनी वस्ती. प्रवासी पूर्वेला इतिहास पाहतो आणि भूक लागली की पूल ओलांडतो. इतिहास वेगळा आणि जेवण वेगळे ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

पूर्वेकडची मुख्य खूण म्हणजे पोर्तुगीज किल्ल्याची उरलेली एकुलती वेस. आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतले, १५११ साली मलाक्का. गंमत अशी, की या 'पोर्तुगीज' वेशीवर कोरलेला आकडा १६७० हा आहे, तो डचांचा. त्यांनी १६४१ मध्ये शहर जिंकले आणि दुरुस्ती करून आपली मुद्रा उमटवली. बाकीचा किल्ला इंग्रजांनी १८०७ साली सुरुंग लावून उडवला, पुढेमागे शहर डचांना परत द्यावे लागले तर त्यांच्या कामी येऊ नये म्हणून. तेव्हा मलाक्क्यात लहानाचा मोठा होत असलेल्या मुन्शी अब्दुल्लाने पुढे आपल्या मलाय आत्मचरित्रात या विध्वंसाचे वर्णन केले. किल्ला गेल्यावरच्या शहराला त्याने विधवेची उपमा दिली आहे. हे पुस्तक छापले गेले १८४९ साली, म्हणजे आपल्या 'यमुनापर्यटना'च्या आठ वर्षे आधी. मलाय गद्याच्या आरंभाची चर्चा या ग्रंथाला वगळून होत नाही.

वर टेकडीवर सेंट पॉलच्या छप्पर नसलेल्या चर्चमध्ये जाळी लावलेला एक रिकामा खड्डा आहे. फ्रान्सिस झेवियरचा देह १५५३ मध्ये इथे पुरला होता. १५५४ मध्ये तो गोव्यात पोहोचला.

आता पूल ओलांडावा. एकाच रस्त्याच्या ओळीने विनायगराचे देऊळ, कंपोंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी देवालय लागते. पर्यटनपत्रके याला 'सलोखा' म्हणतात. आम्हांला ते व्यापारी बंदराचे साधे गणित वाटते: मोसमी वाऱ्यांची वाट पाहत माणसे महिनोन्‌महिने थांबत, आणि थांबलेला माणूस घर करतो. चिनी व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या संसारांतून बाबा-न्योन्या समाज उभा राहिला. त्यांच्या लाक्सात तांदळाच्या शेवया चिनी, नारळाचे दूध मलाय. वाटणात गवती चहाचे कांडे आणि जवळ्यासारखी बारीक कोळंबी आंबवून केलेले बेलाचान. हे वाटण ज्या स्त्रियांनी घडवले त्यांची नावे आम्ही पाहिलेल्या एकाही शिलेवर नाहीत. वरून माडाच्या गुळाचा पाक घातलेला थंडगार चेंडोल. पण त्याविषयी लिहीत बसलो तर निबंध राहून जाईल.

शहराबाहेर थोड्या अंतरावर, उजोंग पासीरला, पोर्तुगीज वंशाची क्रिस्तांग वस्ती आहे. त्यांच्या 'देबाल' रश्श्यातला सिरका गोव्याच्या विंदालूशी नाते सांगतो. त्याहून जवळचे नाते भाषेचे. सत्ता जाऊन पावणेचारशे वर्षे झाली तरी पोर्तुगीजमधून घडलेली मिश्रबोली इथे, थोड्या घरांत का होईना, टिकून आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लईतही अशीच एक बोली आहे. तिच्यावर मराठीचा ठसा, हिच्यावर मलायचा.

कोर्लईसमोर खाडीपलीकडे चौल. पोर्तुगीजांनी शहर घेतल्यानंतर लगेचच्या काळात मलाक्क्यात राहिलेल्या तोमे पिरेशने तिथल्या परदेशी व्यापाऱ्यांची लांबलचक यादी दिली आहे आणि बंदरात चौऱ्याऐंशी भाषा ऐकू येत असे म्हटले आहे. यादीत कैरो, मक्का, एडन आहेत. आणि गोव्याबरोबर चौल, दाभोळही आहेत. ही हस्तलिखित यादी संपूर्ण छापून येण्यास १९४४ साल उजाडावे लागले. तमिळ चेट्टींनी देऊळ ठेवले, क्रिस्तांगांनी बोली ठेवली. चौल-दाभोळच्या माणसांची खूण मात्र दिवसभर हिंडूनही आम्हांला ना दगडात आढळली, ना ताटात.