पाहणीचे शास्त्र आणि पुणे

व्यापाराची, उद्योगाची आणि शेतीची वस्तुस्थिती पद्धतशीरपणे जाणून घेण्याचे शास्त्र आज महाविद्यालयांतून शिकविले जाते, आणि वाणिज्य शाखेचा विद्यार्थी शोधक, वर्णनात्मक व कार्यकारणमूलक ही संशोधन-आराखड्याची त्रिविध वर्गवारी मुखोद्गत करून परीक्षेस बसतो. परंतु ही वर्गवारी आपल्याकडील पाठ्यपुस्तकांत स्थिरावण्यापूर्वी कित्येक वर्षे पुणे शहराने आणि आसपासच्या जिल्ह्यांनी तिचा प्रत्यक्ष व्यवहार पाहिला होता. हा इतिहास विद्यार्थ्यांना सहसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे थोडक्यात मांडण्याचे योजिले आहे.

माहिती गोळा करणे ही गोष्ट या प्रांताला नवी नव्हती. पेशव्यांच्या दफ्तरात गावोगावच्या खानेसुमाऱ्या, जमिनीच्या पाहणीची पत्रके, जकातीचे हिशेब आणि ताळेबंद यांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले होते. तथापि या साऱ्या खटाटोपाचा हेतू वसुलाचा होता; रयतेकडून किती घ्यावयाचे एवढेच सरकारास ठरवावयाचे असे, आणि रयतेची स्थिती अशी का झाली, हा प्रश्न दफ्तरदाराच्या अधिकारकक्षेत येत नसे. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर प्रिंगल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने १८२० नंतरच्या दशकात दख्खनच्या जमिनीची नवी मोजणी हाती घेतली. उत्पन्नातून लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा आकारावा, असे त्याचे अर्थशास्त्रीय तत्त्व होते. गणित अत्यंत सूक्ष्म होते; पण ज्या मोजणीवर आणि ज्या अंदाजांवर ते उभारले गेले, ती दोन्ही सदोष होती, आणि लवकरच ती सारी योजना सोडून द्यावी लागली. त्यानंतर गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात जमिनीच्या प्रतवारीची अधिक साधी व व्यवहार्य पद्धत अंगीकारली. आधारसामग्री कच्ची असता विश्लेषण कितीही निपुण असले तरी निष्फळ ठरते, हा संशोधनशास्त्रातील पहिला धडा या प्रांताने असा सरकारी खर्चाने आणि रयतेच्या हालांनी घेतला.

खऱ्या अर्थाने प्रश्न घेऊन गावात शिरणारा पहिला अभ्यासक म्हणजे डॉ. हॅरॉल्ड मॅन. आसामातील चहामळेवाल्यांच्या संघाचे शास्त्रज्ञ म्हणून काम केलेले हे गृहस्थ १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले, आणि शेतकऱ्याला सुधारणा सांगण्यापूर्वी त्याचा संसार समजून घेतला पाहिजे, या विचाराने त्यांनी पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे एक गाव निवडून त्याचा समग्र अभ्यास केला. एकाच घटकाचा सर्वांगांनी वेध घेणारा हा आराखडा होता, ज्याला आज व्यक्ति-अध्ययन म्हणतात. १९१७ मध्ये हा अभ्यास ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. जुन्या कागदपत्रांचा आधार घेऊन त्यांनी दाखवून दिले, की १७७१ मध्ये या गावी सरासरी धारणक्षेत्र ४० एकरांचे होते, १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले आणि १९१४-१५ पर्यंत ७ एकरांपर्यंत घसरले. वसुलासाठी लिहिलेल्या कागदांना नवा प्रश्न विचारताच त्याच कागदांनी दीड शतकाची कहाणी सांगितली. पुढे १९२१ मध्ये ना. वि. कानिटकर यांच्या सहकार्याने जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा दुसरा अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला, कारण एका गावावरून सर्व दख्खनविषयी निष्कर्ष काढणे त्यांना मान्य नव्हते. पिंपळे सौदागरची फेरपाहणी झाली आणि तिचा ग्रंथ १९६० मध्ये निघाला. एकाच विषयाकडे कालांतराने पुन्हा पाहण्याची ही पद्धती येथे अशी रुजली.

या कार्याला संस्थेचे स्थैर्य मिळाले ते १९३० मध्ये. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून आणि भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, आणि तिच्या संचालकपदी धनंजयराव गाडगीळ आले. वयाच्या तेविसाव्या वर्षी हिंदुस्थानच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील ग्रंथ लिहून नाव मिळविलेला हा विद्वान १९६६ पर्यंत त्या पदावर राहिला. संस्थेच्या आरंभीच्या प्रकाशनांचे विषय पाहिले म्हणजे गाडगीळांची दृष्टी कळते. १९३३ मध्ये पुण्यातील फळांच्या विक्रीव्यवस्थेची पाहणी, १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातील सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी, १९४० मध्ये वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी, हे सारे विषय रस्त्यावरचे, बाजारातले आणि बांधावरचे होते.

यांतील प्रत्येक विषयास निराळा आराखडा लागला असला पाहिजे, हे विषयाच्या स्वरूपावरूनच उघड आहे. फळबाजाराविषयी आधी लिहून ठेवलेले फारसे काही नसता, अडत्या, दलाल, घाऊक व्यापारी आणि किरकोळ विक्रेता यांची साखळी कशी जुळते, कोण कोणास आगाऊ रक्कम देतो आणि अडत कोणाकडून कापली जाते, हे आधी शोधूनच काढावे लागते. अशा ठिकाणी अगोदर छापलेली प्रश्नावली निरुपयोगी असते, कारण काय विचारावे हेच अभ्यासकाला ठाऊक नसते. शेतीव्यवसायाची गोष्ट याहून भिन्न. तेथे प्रश्न स्पष्ट असतो, परंतु शेतकऱ्याच्या घरी जमाखर्चाची वही नसते, आणि घरच्या माणसांच्या श्रमाचे, घरच्या बैलांचे व घरीच खाल्लेल्या धान्याचे मोल कसे धरावे, हा व्याख्येचा प्रश्न सोडविल्यावाचून शेती नफ्यात की तोट्यात, हे सांगता येत नाही.

वर्णनात्मक पाहणीचा मोठा प्रयत्न म्हणजे खुद्द पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी. तिचा आर्थिक भाग १९४५ मध्ये आणि दुसरा भाग १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. सारे शहर घरोघर विचारणे अशक्य म्हणून ठराविक नियमाने कुटुंबे निवडून त्यांवरून समग्राचे अनुमान करण्याचा मार्ग अवलंबिला गेला. नमुना निवडताना अभ्यासकाची सोय आणि आवड यांना वाव राहू नये, या शिस्तीतच अशा अनुमानाची सारी विश्वसनीयता असते. ना. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या शहराची फेरपाहणी करून १९५६ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि रोजगार व मिळकत यांचे बदललेले स्वरूप त्यामुळे आधीच्या आकड्यांशी ताडून पाहता आले.

सर्वांत कठीण प्रश्न कार्यकारणाचा. नांदूर-मधमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे आणि भंडारदऱ्याच्या पाण्यावर चालणारे प्रवरेचे कालवे यांनी अहमदनगर जिल्ह्यात उसाचे मळे उभे केले. सरकारला पाणीपट्टीतून काय मिळाले, हे खात्याच्या हिशेबात होतेच. परंतु मजुराला काम, व्यापाऱ्याला माल आणि बाजारपेठेला चलनवलन किती मिळाले, हे कोणत्याच रकान्यात नव्हते. गाडगीळांनी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशा दोन्ही लाभांची पाहणी करून १९४८ मध्ये ती प्रसिद्ध केली. निसर्गविज्ञानाप्रमाणे येथे प्रयोग करता येत नाही. कालवा येण्यापूर्वीच्या स्थितीची तपशीलवार नोंदही हाती नसते. म्हणून पाण्याखालील शेती आणि शेजारची जिरायत शेती यांची तुलना करूनच पाण्याचा परिणाम वेगळा काढावा लागतो. ही दोन क्षेत्रे पाण्यावाचून इतर बाबतींत सारखी होती काय, ही शंका प्रामाणिक अभ्यासकाने स्वतःच उपस्थित करावयाची असते. या अभ्यासाचे फलित ग्रंथालयातच राहिले नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने त्याच प्रवराकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचे अध्यक्षपद गाडगीळांनी स्वीकारले.

या सर्व इतिहासातून संशोधनप्रक्रियेचा जो क्रम निष्पन्न होतो तो असा: प्रथम प्रश्नाची निश्चिती, मग पूर्वीच्या लेखनाचे व दफ्तराचे वाचन, मग संज्ञांच्या व्याख्या, मग प्रश्नाला अनुरूप आराखडा, नमुन्याची निवड, प्रत्यक्ष क्षेत्रकार्य, कोष्टके, विश्लेषण, आणि शेवटी आपल्या निष्कर्षांच्या मर्यादांसह अहवाल. आज हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. पदवीसाठी प्रबंध लिहिणारा विद्यार्थी आधी प्रश्नावली तयार करतो, सोयीचे शंभर परिचित गाठून ती भरून घेतो, संगणकाकडून आलेख काढवून घेतो, आणि आपला प्रश्न कोणता होता हे प्रस्तावना लिहिताना ठरवितो. साधने मॅन व गाडगीळ यांच्यापेक्षा सहस्रपटीने वाढली असताना फळ मात्र त्या मानाने तोकडे पडते, त्याचे कारण येथे आहे.

म्हणून व्यवसाय-संशोधन शिकविणाऱ्या प्रत्येक अध्यापकास विनंती अशी, की आराखड्यांच्या व्याख्या फळ्यावर लिहिण्यापूर्वी विद्यार्थ्यांच्या हाती या जुन्या पाहण्यांपैकी एक तरी ग्रंथ द्यावा, त्यांना आपल्याच गावच्या बाजार समितीत किंवा कारखान्यात पाठवावे, आणि एक नेमका प्रश्न लिहून आणल्यावाचून प्रश्नावली छापण्याची परवानगी कोणासही देऊ नये.