थाळनेरचा बाण आणि मुलांचा बाण

धनुष्याचा बाण, लढाईंतील दारूचा बाण आणि दिवाळींत अंगणांतून सुटणारा बाण, या तिन्ही वस्तूंस मराठींत एकच नांव आहे. इंग्रजींत धनुष्याच्या बाणास व दारूच्या बाणास निरनिराळे शब्द आहेत. आपल्याकडे नाहींत, आणि हें आपल्या भाषेचें दारिद्र्य होय असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. सुटलेला बाण परत घेतां येत नाहीं, ही जी एक गोष्ट या तिघांत समान आहे तिच्यावरच भाषेनें नेमकें बोट ठेविलें आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र चौथा बाण होय. तो वर जातो, सुखरूप खालीं येतो, आणि म्हणूनच मुलांच्या हातीं देतां येतो. मुलांस अग्निबाणाचें उड्डाण दाखवावयाचें तर कोठें न्यावें, असा प्रश्न आतां जळगांव-धुळ्याकडील आईबापांपुढेंहि उभा आहे. श्रीहरिकोट्यास न्यावें, कीं विद्यार्थ्यांच्या स्पर्धेस, कीं परदेशांतील आप्त ज्याचें वर्णन करितात त्या मेळाव्यास? याचें उत्तर बहुधा रजा आणि गाड्या पाहून दिलें जातें. तें बाणाच्या इतिहासावरून द्यावें असें आमचें मत आहे. आणि त्या इतिहासाचा एक धागा खुद्द खानदेशांतून, तापीच्या कांठावरून गेलेला आहे.

दख्खनेस बाण नवा नव्हता. मोगलांच्या व मराठ्यांच्या फौजांत तो होता. १७६१ सालीं पानिपतावर तो दोन्ही बाजूंनीं सोडला गेला. परंतु बांबूच्या अथवा कागदाच्या नळींत दारू फार दाबून भरतां येत नाहीं, नळीच फुटते. हैदरअल्ली व टिपू यांच्या कारागिरांनीं नळी लोखंडाची केली. नळी पक्की म्हणून दारू घट्ट, आणि दारू घट्ट म्हणून जळालेला वायु मागें जोरानें सुटे व बाण तितक्याच जोरानें पुढें जाई. हा बाण हजार यार्डांच्या पलीकडे पोंचत असे. १० सप्टेंबर १७८० रोजीं पोल्लिलूर येथें इंग्रजांच्या सैन्यांतील दारूचीं गाडीं पेटलीं, त्याचें श्रेय बाणांसच देण्यांत येतें. १७९९ त श्रीरंगपट्टण पडल्यावर तेथले बाण विलायतेस गेले. त्यांचा अभ्यास करून विल्यम काँग्रीव्ह यानें १८०४ च्या सुमारास वुलिच येथें आपले प्रयोग आरंभिले, आणि १८०७ त कोपनहेगन शहरावरील माऱ्यांत त्याचे बाणहि सोडण्यांत आले.

पुढें हाच बाण विलायती पोषाख करून दख्खनेंत परत आला. २१ डिसेंबर १८१७ रोजीं महीदपूर येथें होळकरांचा पराभव झाला, तेव्हां सर टॉमस हिस्लॉप याच्या फौजेबरोबर बाणांचें एक पथक होतें. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसोरच्या तहानें होळकरांनीं आपला खानदेश इंग्रजांस दिला, आणि तो ताब्यांत घेत हिस्लॉप दक्षिणेकडे येत असतां थाळनेरचा किल्ला आडवा आला. थाळनेर हल्लीं धुळें जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यांत तापीच्या उत्तर तीरावर आहे. एके काळीं तें फारूकी सुलतानांची राजधानी होतें. त्यांच्या कबरी तेथें अद्यापि उभ्या आहेत. किल्लेदार तुळशीराम यानें तहाप्रमाणें किल्ला खालीं करावयाचें नाकारलें. २७ फेब्रुवारी १८१८ रोजीं हिस्लॉपनें सहा पौंडी दहा तोफा, दोन हॉविट्झर आणि कांहीं बाण टेंकाडांवर आणून किल्ल्यावर मारा केला. पुढची हकीकत खानदेशांत विसरली गेलेली नाहीं. किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रज अंमलदार आंतल्या दरवाज्यांतून शिरले. तेथें बोलाचालींत गैरसमज होऊन हातघाई झाली व दोन अंमलदार ठार झाले. आणि मग सुमारें तीनशें शिबंदी कापून काढण्यांत येऊन त्याच संध्याकाळीं किल्लेदारास फांशीं देण्यांत आलें. या कृत्याची चर्चा १८१९ त पार्लमेंटांतहि झाली.

थाळनेर बाणांनीं पडलें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या दिवशीं त्यांचा वांटा गौणच होता. काँग्रीव्हच्या बाणाचा जो दोष महीदपुरास होता तोच थाळनेरास: तो कोठें पडेल हें सोडणारासहि ठाऊक नसे. लांब काठी बांधलेला बाण वाऱ्याकडे तोंड वळवितो. वारा समोरचा असला तर ठीक, आडवा असला तर बाण त्याच्या दिशेनें कलून भलतीकडेच जातो. तोफेचा गोळंदाज नेम धरतो. बाण सोडणारा पुष्कळसें दैवावर सोडतो. शत्रूच्या गर्दीवर टाकावयाच्या वस्तूस हें चालतें. मुलाच्या हातांतील वस्तूस चालत नाहीं, आणि आमच्या प्रश्नाचें सारें मर्म येथेंच आहे.

बाण सुखरूप उतरवितां येईल काय, असा प्रश्न हिंदुस्थानांत ज्यानें चिकाटीनें हातीं घेतला तो गृहस्थ कलकत्त्याचा स्टीफन स्मिथ. त्यास वेड टपालाचें होतें. ३० सप्टेंबर १९३४ रोजीं त्यानें जहाजावरून सागर बेटाकडे पत्रें भरलेला पहिला बाण सोडला; तो हवेंतच फुटला आणि पत्रें विखुरलीं. स्मिथ खचला नाहीं. १९३५ त सिक्कीममध्यें त्यानें महाराजांच्या आश्रयानें नद्यांवरून टपाल पाठविलें, आणि त्याच वर्षीं २९ जूनला दामोदर नदीवरून एक कोंबडा व एक कोंबडी बाणांत बसवून पलीकडे धाडलीं. दोन्ही जिवंत उतरलीं! प्रवासानंतर त्यांची रवानगी कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयांत झाली. विद्वानांनीं या प्रयोगाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. भारताच्या टपालखात्यानें मात्र १९९२ त स्मिथच्या स्मरणार्थ तिकीट काढलें. बाणाच्या इतिहासांत आम्ही या कोंबडीस कोपनहेगनच्या आगीहून वरचें स्थान देऊं.

ज्यास मुलांचा बाण म्हणतां येईल तो जन्मास आला अमेरिकेंत, आणि तोहि भीतीपोटीं. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेंतील मुलें घरच्या घरीं लोखंडी नळ्यांत दारू ठांसून अग्निबाण करूं लागलीं. कित्येकांचे हात गेले, डोळे गेले. नेब्रास्कांतील नॉरफोक गांवीं ऑरव्हिल कार्लाइल नांवाचा जोड्यांचा दुकानदार होता. त्यास शोभेच्या दारूचा नाद. त्यानें आपल्या भावासाठीं १९५४ तच कागदाचा एक लहान बाण करून ठेविला होता. त्याचें इंजिन निराळें, बाण निराळा. इंजिन जळून गेलें कीं नवें घालावें आणि तोच बाण पुन्हां उडवावा. व्हाइट सँड्स येथील तोफखान्याच्या मैदानावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइन याचा मुलांच्या अपघातांवरील लेख वाचून कार्लाइलनें आपला बाण त्याजकडे पाठविला. दोघांच्या विचारविनिमयांतून १९५७ त अमेरिकेची राष्ट्रीय अग्निबाण संस्था निघाली. पुढें व्हर्न एस्टीस यानें हीं इंजिनें झपाट्यानें व एकसारखीं भरणारें यंत्र तयार केलें, आणि मुलानें स्वतः दारू कुटण्याचें कारणच उरलें नाहीं.

या इंजिनाची रचना समजून घेण्यासारखी आहे. जाड कागदाची नळी. तिच्या बुडाशीं चिकणमातीची बारीक तोटी. तिच्यावर जोरानें जळणारी दारू. तिच्यावर केवळ धूर देत सावकाश जळणारा थर. आणि सर्वांत वर चिमूटभर दारू, जी उलट दिशेस, म्हणजे बाणाच्या पोटांत उडते. पहिल्या दारूनें बाण चढतो. सावकाश थर जळेतों तो आपल्या वेगानेंच शिखर गांठतो. नेमक्या त्या क्षणीं वरची दारू उडून शेंड्याची टोपी निघते व आंतली छत्री उघडते. थाळनेरच्या बाणांत चढण्याचाच विचार होता. येथें अर्धा विचार उतरण्याचा आहे. संस्थेचे नियमहि याच धोरणाचे आहेत: अंग कागद, लांकूड किंवा प्लास्टिकचें असावें, वात लावूं नये, लांब तारेनें विजेच्या बॅटरीवर कळ दाबावी, लहान बाणापासून निदान पंधरा फूट व मोठ्यापासून तीस फूट दूर उभें राहावें, उडविण्यापूर्वीं मोठ्यानें आंकडे मोजावे, वाळलें गवत जवळ नसावें, आणि तारांवर अडकलेला बाण काढावयास जाऊं नये. हा शेवटचा नियम आमच्याकडे पतंगांच्या दिवसांतहि भिंतीवर लावण्याजोगा आहे.

या संस्थेचा पहिला राष्ट्रीय मेळावा १९५९ त डेन्व्हरजवळ भरला, आणि ती परंपरा चालू आहे. अमेरिकेंत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढें निवड खरोखरीच कठीण असते. हा मेळावा मुख्यतः चढाओढींचा; उंची, हवेंत राहण्याचा काळ वगैरे बाबतींत वयाप्रमाणें सामने होतात. ज्या मुलानें स्वतः चारपांच बाण बांधले आहेत त्यास येथें न्यावें. नवख्याचा वेळ मोठ्यांच्या गणितांत जातो. याच संस्थेचा दुसरा मेळावा केवळ हौसेनें उडविणारांचा आहे, चढाओढ नाहीं. आठदहा वर्षांच्या मुलास आमच्या मतें हाच बरा. १९८२ पासून दुसऱ्या एका मंडळाचा तिसरा मेळावा भरतो. त्याच्या नांवांतच ‘मोठीं व धोक्याचीं’ असे शब्द थट्टेनें घातले आहेत. पुरुषभर उंचीचे बाण पाहून मुलें हरखतील हें खरें, पण तेथें त्यांच्या वांट्यास टाळ्याच येणार. याशिवाय २००३ पासून शाळकरी संघांची एक स्पर्धा आहे. तींत बाणांत कोंबडीचें कच्चें अंडें ठेवून तें न फुटतां परत आणावें लागतें. ज्यांनीं ही स्पर्धा योजिली त्यांस आमच्या स्मिथची कोंबडी ठाऊक असो वा नसो, परंपरा एकच आहे.

आतां घरचें. श्रीहरिकोट्यास २०१९ त सर्वसाधारण प्रेक्षकांसाठीं सज्जा उघडला गेला; आगाऊ नांव नोंदवून तेथें जातां येतें. जळगांवकरांस हें स्थळ वाटतें तितकें दूर नाहीं. अहमदाबादहून चेन्नईस जाणारी नवजीवन एक्सप्रेस अमळनेर, जळगांव, भुसावळ करीतच जाते, आणि श्रीहरिकोट्याचें स्टेशन सुळ्ळूरपेटा चेन्नईच्या अलीकडेच आहे. परंतु तेथें जाणारानें एक गोष्ट मुलांस आधींच सांगून ठेवावी. १५ जुलै २०१९ रोजीं मध्यरात्रीनंतर चांद्रयान-२ चें उड्डाण अवघीं ५६ मिनिटें उरलीं असतां थांबविण्यांत आलें. दूरदूरचे लोक मुलांबाळांसह जागत बसले होते. ते तसेच परतले. उड्डाण झालें तें २२ जुलैस. चार दिवसांची रजा काढून आलेल्या बापास त्या रात्रीं काय वाटलें असेल याची कल्पना येते. तथापि संशय येतांच थांबणें हीहि त्या शास्त्राचीच रीत आहे, आणि ज्या मुलास ती उमजेल त्याचा प्रवास फुकट गेला असें आम्ही म्हणणार नाहीं. उणीव दुसरीच आहे. तेथला बाण मुलाचा नव्हे. तो दिसतो, छातींत घुमतो, ढगांत शिरतो. त्याचे भाग बंगालच्या उपसागरांत पडतात, आणि उतरण्याचा अर्धा विचार मुलाच्या दृष्टीस पडतच नाहीं.

हा अर्धा विचार पाहावयाचा तर विद्यार्थ्यांचे बाण पाहावे. ऑक्टोबर २०२५ त उत्तर प्रदेशांतील कुशीनगर जिल्ह्यांत तमकुही राज येथें महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची अखिल भारतीय स्पर्धा झाली. डब्याएवढा उपग्रह सुमारें एक हजार मीटर उंच नेऊन छत्रीनें उतरविणें असें तिचें स्वरूप होतें. अशा ठिकाणीं बाण चुकतात, छत्र्या उघडत नाहींत, वीस वर्षांचीं मुलें शेतांतून धांवत जाऊन तुकडे गोळा करितात. दहाबारा वर्षांच्या मुलास हें दृश्य श्रीहरिकोट्याहून अधिक जवळचें वाटेल असा आमचा तर्क आहे. मात्र प्रेक्षकांस प्रवेश आहे काय, व लहान मुलांस आहे काय, हें संयोजकांस विचारल्यावांचून निघूं नये. प्रत्येक वर्षाची व्यवस्था निराळी असूं शकते.

आणि या दोहोंच्याहि आधीं करण्याजोगें एक उड्डाण आहे, त्यास तिकीट लागत नाहीं. सोड्याची प्लास्टिकची बाटली एकतृतीयांश पाण्यानें भरावी, घट्ट बूच लावावें, सायकलच्या पंपानें हवा भरावी, आणि सर्वांनीं दूर उभें राहून ती सोडावी. दारू नाहीं, आग नाहीं; कांचेची बाटली मात्र कदापि घेऊं नये. हिंवाळ्यांत, सकाळीं वारा पडलेला असतां, गहूंहरभरा उभा नसलेल्या शेतांत हें करावें. बाटली किती उंच गेली हें मोजण्यास कंपासपेटींतील कोनमापक, दोरा व एक खडा पुरे. पन्नास पावलांवर उभें राहून शिखराकडे पाहतां कोन ४५ अंशांचा भरला, तर उंचीहि पन्नास पावलेंच, वर डोळ्यांपर्यंतची उंची मिळवावी. चाळीसगांवाजवळ पाटणास याच गणिताचा मठ होता. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें तो स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथें आहे. पाटण आणि थाळनेर दोन्ही एका सुटींत पाहून होतात. बाटलीस छत्री बसवून ती तीन वेळां न फुटतां उतरली म्हणजे मग नवजीवनचीं तिकिटें काढावीं.