माशांची लगीनसराई

आमच्या खानदेशात लग्न जमवायला एक बैठक पुरते. पार पाडायला मात्र वर्ष जातं. मंडप, आचारी, बॅण्ड, ऐनवेळी रुसणारे मामा या साऱ्यांची मोट बांधता बांधता वधूपिता निम्मा होतो आणि त्याचं बचत खातं त्याहूनही निम्मं. खातं मीच बघतो, म्हणून हे अधिकारवाणीने सांगतो. पण माशांच्या लग्नालाही एवढंच नियोजन लागतं, आणि त्या नियोजनाला अडीच हजार वर्षांचा इतिहास आहे, हे मला आमच्या एका खातेदारामुळे कळलं. दोंडाईच्यापासून जवळच त्यांचं शेत. विहिरीशेजारी हौद बांधून त्यांनी कोई नावाचे रंगीत जपानी मासे पाळलेले. एका सोमवारी काउंटरवर वाकून त्यांनी हळूच विचारलं, ''साहेब, मासासना लगीनले करज भेटी का?''

बँकेत कर्जाला 'नाही' म्हणायचं नसतं. 'प्रस्ताव आणा' म्हणायचं असतं. ते म्हणाले, ''तुम्हीच लिखी द्या ना.'' मी पडलो बी. कॉम. कॉस्टिंगमध्ये मला गुण बरे होते, पण त्या पुस्तकात वधू, वर आणि पाणी असे रकाने नव्हते. तेव्हा वाचायला बसलो.

पहिलाच भेटला तो फान ली, इ. स. पूर्व पाचव्या शतकातला चिनी मुत्सद्दी. राजाची चाकरी सोडून हा व्यापारात पडला आणि गबर झाला. कार्प माशाच्या पैदाशीवर त्याच्या नावाने चालत आलेली एक चिमुकली पुस्तिका आहे. मत्स्यशेतीवरचं जगातलं सर्वांत जुनं पुस्तक म्हणून तिचा मान मोठा. पण मला तो शुद्ध कर्जप्रस्ताव वाटला. तळं एवढं, अंड्यावर आलेल्या माद्या २०, नर ४, तळ्यात सोडायचे दुसऱ्या महिन्यात, आणि वर्षाने उत्पन्न १२,५०,००० नाणी! खर्चाची बाजू मोघम आणि उत्पन्नाची आकड्यांत. म्हणजे ही पद्धत आमच्या तालुक्यात निघालेली नाही, एवढं समाधान झालं. तळ्यात नऊ बेटं करावीत, म्हणजे मासे त्यांच्याभोवती फिरत राहतात आणि आपण मोठ्या नदीत आहोत असं समजतात, हेही त्यात सांगितलंय. रोज घर, स्टँड, बँक, मंडई आणि पुन्हा घर अशी प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाने या मुद्द्यावर फार वेळ थांबू नये.

आपल्या बाजूला कोण, म्हणून शोधलं तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर सापडला. त्याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त 'मत्स्यविनोद' नावाचा भागच आहे. माशांच्या जाती, कोणाला काय चारावं, गळ कसा टाकावा, सगळं बैजवार. पण राजाचा जीव गळात. वऱ्हाडी जेवल्याशी मतलब. लग्न कोणी लावायचं, तर पावसाने.

आणि लावतही तोच होता. रोहू, कटला, मृगळ हे आपले मासे भारी मानी. तळ्यात खातील, वाढतील, लठ्ठ होतील. पण लग्न करणार ते पुराच्या वाहत्या पाण्यातच. त्यामुळे नदीला पूर आला की जाळी लावायची आणि मत्स्यबीज गोळा करायचं. त्यात न बोलावलेली मंडळीही यायची, हे कोणत्याही वधूपित्याला सांगायला नको. ही अट मोडली हिरालाल चौधरी या शास्त्रज्ञाने. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुलला, के. एच. अलिकुन्ही यांच्या साथीने, त्यांनी माशाच्या मेंदूखालच्या एका इवल्या ग्रंथीचा अर्क दुसऱ्या माशांना टोचला आणि पुराविना लग्न लागलं. वाजंत्री नाही, वरात नाही, एक सुई. १० जुलै हा दिवस देशात राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

त्याच १९५७ साली बँकॉकहून कटकला परदेशी कार्प आला. आपले मत्स्यशेतकरी त्याला सायप्रिनस म्हणतात. हा जावई बिनमानपानाचा. ताजं पाणी आणि अंडी चिकटवायला थोडं पाणगवत मिळालं की साध्या हौदातही बोहल्यावर उभा! कोई हा त्याचाच रंगीत भाऊबंद. तेव्हा प्रस्तावात सुईचा खर्च धरावा लागला नाही.

हा भाऊबंद रंगला कुठे, तर जपानच्या निइगाता प्रांतात, यामाकोशीच्या डोंगरात. हिवाळ्यात तिथे माणसाच्या डोक्यावरून बर्फ जातं. तेवढे महिने ताटात काहीतरी असावं म्हणून भातखाचरांच्या तळ्यांत शेतकरी कार्प पाळत. काळसर, खायचा मासा. साधारण १८०४ ते १८३० च्या काळात त्यात मधूनच एखादा लाल, एखादा पांढरा निपजू लागला. आता हिशेबाने बघा. रंगाने मासा वजनाला भरत नाही. उलट बगळ्याला तो आधी दिसतो. म्हणजे खाद्यमाशाच्या योजनेत हा चक्क खराब माल. तरी कुणीतरी तो कालवणात न घालता ठेवला आणि तसाच दुसरा सापडेपर्यंत वाट पाहिली. या बिनहिशेबी माणसाची नोंद कुठल्या वहीत नाही. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात त्या वंशाला बक्षीस मिळालं, काही मासे राजपुत्राला भेट गेले आणि कार्पचं नाव झालं 'निशिकीगोई'. म्हणजे जरतारी कार्प. पैठणीचा पदर पाण्यात सोडावा तसा.

आता दोंडाईच्याचा मुहूर्त. जपानात मे-जून हा माशांचा हंगाम. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो, तेव्हा माणसंसुद्धा लग्नाला नाइलाजाने जातात. सायप्रिनसचे आपल्याकडे दोन मोसम, एक जानेवारी ते मार्च आणि दुसरा जुलै-ऑगस्ट. आम्ही फेब्रुवारी धरला. पाणी वीस-बावीस अंशांवर आणि विहिरीने अजून तळ दाखवलेला नाही. तिथून मागे मोजायचं. तीन-चार आठवडे आधी नर आणि माद्या वेगवेगळ्या हौदांत. एका मादीमागे दोन-तीन नर, फान लीच्या बरोबर उलट प्रमाण. लग्नाचा हौद कोरडा करून उन्हात तापवायचा, ताजं पाणी भरायचं, काथ्याचे झुबके सोडायचे आणि संध्याकाळी मंडळींना आत घ्यायचं. पहाटे पाणी खळखळतं आणि झुबक्यांना राजगिऱ्याएवढी अंडी चिकटतात. मादीच्या वजनाच्या किलोमागे लाखभर! लगोलग आईबापांना बाहेर काढायचं, कारण ते आपलीच अंडी खातात. तीन-चार दिवसांनी पिल्लं फुटतात. सरकारी कागदांत त्यांची नावं मोठी रुचकर आहेत. आधी मत्स्यजिरे, मग मत्स्यबीज, मग मत्स्यबोटुकली. या जिऱ्याचं तोंड उघडलं की त्याला बारीक जिवंत खाणं लागतं. म्हणून शेजारच्या तळ्यात शेण आणि शेंगदाण्याची पेंड घालून पाणी हिरवं करायचं काम आठ-दहा दिवस आधीच सुरू करायचं. ते चुकलं तर पंगतीला लाख पाहुणे आणि आचारी गैरहजर.

प्रस्ताव मंजूर झाला. पण खरी अडचण प्रस्तावात न बसणारी निघाली. कोईची पिल्लं आईबापांच्या वळणावर जातीलच असं नाही. लाल-पांढऱ्या जोडप्याच्या पोटी नुसती पांढरी, नुसती तांबूस, राखी, ठिगळाची अशी प्रजा निपजते. म्हणून महिन्या-दीड महिन्याने निवड. जपानी शेतकरी एकेक पिल्लू न्याहाळतात, तीन-चार वेळा चाळणी लावतात आणि लाखातून थोडे ठेवतात. सगळेच ठेवले तर खाणं आणि पाण्यातला प्राणवायू वाटला जाऊन चांगलेही खुरटतात. बुडीत कर्जाची तरतूद मी वर्षानुवर्षं करतोय, पण जवळजवळ सगळंच बुडीत धरून चालवलेला धंदा पहिल्यांदा पाहिला.

निवडीच्या दिवशी रविवार होता, म्हणून मीही गेलो. खातेदार पांढऱ्या टबात पिल्लं घेऊन बसले होते. शेजारी त्यांचा मुलगा. दहावीची परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारा. ''हाई ठेव, हाई काढ,'' असं चाललं होतं. एक राखी पिल्लू बाहेर निघालं तेव्हा पोरगा म्हणाला, ''आबा, याले काबर काढं?''

''साधा शे,'' आबा म्हणाले.

पोरगा काही बोलला नाही. नुसता टबाकडे बघत राहिला. आबांचा हातही थोडा वेळ तसाच पाण्यात राहिला. मग त्यांनी पलीकडचा जुना हौद भरायला सांगितला. राखी मंडळी तिकडे गेली. साधा सायप्रिनस वजनाला चांगला भरतो, असं त्यांनी मला न विचारता समजावलं. त्यांच्या खर्चाच्या कागदावर 'साध्यांचं खाणं' अशी एक ओळ वाढली. अनुत्पादक खर्चावर लाल खूण करणं हे माझं कामच. त्या ओळीवर मी पेन टेकवलं नाही.

निवडीच्या बाबतीत यामाकोशीवाल्यांइतकं कडक कोणी नाही म्हणतात. तिथे २३ ऑक्टोबर २००४ रोजी मोठा भूकंप झाला. डोंगर खचले, रस्ते तुटले, तळी फुटली. सगळं गाव हलवावं लागलं. कितीतरी मासे मेले. जे हाती लागले त्यातले काही मागाहून हेलिकॉप्टरने बाहेर काढले. दीडशे-दोनशे वर्षं माणसाने चाळणी लावली होती, त्या रात्री डोंगराने लावली. पुढे लोक परत आले, तळी नव्याने बांधली आणि हाताशी उरलेल्या माशांवर पुढच्या हंगामाचा बेत मांडला. वधूवर मोजके, शिल्लक बेताची. मुहूर्त मात्र नेहमीचाच, मे-जूनचा.